पंधरा गाठींची दोरी

गेल्या महिन्यात आमची थोरली लेक सासरी नवापूरला निघाली, तेव्हा तिच्या शिदोरीचं गाठोडं मी बांधून दिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरात बायकांची लगबग चालली असली की आपणही काहीतरी कर्तबगारी दाखवावी, अशी मला हुक्की येते. गाडीत पोरीला भूक लागली. तिनं नखं लावली, दात लावले, अंबाड्यातला आकडा काढून खुपसून पाहिला. समोरच्या बाकावरच्या गुजराती शेठाणीनंही हात चालवून पाहिला म्हणे. शेवटी घरी पोचल्यावर जावयांनी विळ्यानं फडकं कापलं, त्यात दशम्याही कापल्या गेल्या. मग त्यांचं पत्र आलं. "मामांनी बांधलेली शिदोरी पोचली. तुकडे रुचकर होते."

पत्र मोठ्यानं वाचलं गेलं. पोरं हसून लोळली, मीही हसलो. माझ्या हातची गाठ सुटत नाही, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे. हसली नाही ती फक्त आमच्या घरची. तिनं पत्राची घडी केली, कोनाड्यात ठेवली आणि ती आत निघून गेली. तिला कोण आठवलं ते मला कळलं. मग माझंही हसू मावळलं.

नथूआबा आठवले होते.

मी म्हसावदच्या शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मला चोविसावं लागलं होतं. गाव माझं धानोरा. अक्षर वळणदार, टोपी इस्तरीची, आणि आपण शिकलेलो आहोत ही जाणीव डोक्यात टोपीपेक्षा घट्ट बसलेली. लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायकोला अहिराणीखेरीज दुसरं बोलणं येत नव्हतं आणि मी तिला शुद्ध मराठी शिकवण्याच्या खटपटीत होतो. ती खटपट मी अजून सोडलेली नाही. तिनं ती पहिल्याच आठवड्यात सोडली.

शाळेला लागूनच आबांचं खळं होतं. पहिल्या दिवशी पाहिलं तर आबांचे बैल बाहेर निंबाखाली बांधलेले आणि गोठ्यात पोरं. सातपुड्यातल्या तीन पाड्यांवरची अठरा पोरं. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीला ओळीनं खुंट्या, खुंट्यांना अठरा घोंगड्या. गव्हाणीत पाट्या आणि पुस्तकं. पोरं तिथंच राहायची, तिथंच जेवायची आणि माझ्या शाळेत यायची. आबांच्या घरची शेती बरी होती. जे पिकायचं त्यातलं आधी गोठ्यात जायचं, उरलेलं घरात. यावरून दोन्ही मुलगे वेगळे झाले होते. बायको आधीच वारली होती. हे सगळं मी येण्याच्या आधी बारा-तेरा वर्षांपासून चाललं होतं, आणि आबांना स्वतःला अक्षराची ओळख नाही असं गाव म्हणायचं.

पारावर कुणीतरी रोज त्यांना डिवचायचं.

"आबा, बैल बाहेर अन् पोरे गोठामा? उलटा कारभार शे तुन्हा."

"बैलले शाळाले नही जानं शे, भाऊ," असं म्हणून आबा पुढं चालू लागायचे.

अंगानं उंच, पण कमरेत वाकलेले. एका कानात भिकबाळी. कमरेला नेहमी अंबाडीच्या तागाची गुंडाळी खोचलेली असायची. बसले की धोतर मांडीवर सरकवायचे आणि मांडीवर दोरी वळायला लागायचे. बोलणं चालू, हात चालू. दोरी वळता वळता ऐकत नाही तो माणूस मनापासून ऐकत नाही, असं काहीसं त्यांचं शास्त्र होतं. मला ते ताग घेऊन बसायला सांगायचे. मी शाईचे हात दाखवून सुटका करून घ्यायचो. ती एक गोष्ट शिकलो असतो, तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

रोज दिवे लागायच्या आधी आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायचे आणि नवीन आलेल्या पोराला पुढं बोलवायचे. डोंगरातली पोरं. घरात बोलणं पावरी, खाली बाजारात अहिराणी, आणि शाळेत मी त्यांच्यापुढं शुद्ध मराठी घेऊन उभा. पोरं पहिले महिनाभर तोंडच उघडायची नाहीत. आबा त्या पोराच्या पाटीवर बोट ठेवायचे.

"हाई काय शे, बा?"

पोरगं पाटीकडंच बघत हळूच म्हणायचं, "ग."

"परत सांग. मी इसरी गऊ."

पोरगं जरा मोठ्यानं सांगायचं. दुसऱ्या दिवशी आबा परत विसरलेले असायचे. तिसऱ्या दिवशी पोरगं चिडायचं आणि त्यांचा हात धरून ग गिरवून घ्यायचं. महिन्याभरात त्याला कंठ फुटायचा. अशा रीतीनं आबा दर वर्षी ग पासून सुरुवात करायचे आणि वर्ष संपेतो ज्ञ पर्यंत पोचायचे, की जूनमध्ये नवीन पोर आणि पुन्हा ग.

मला त्यांची दया आली. मी ठरवलं, या म्हाताऱ्याला आपण पद्धतशीर शिकवू. एकदा भर दुपारी पुस्तक घेऊन त्यांच्या खळ्यात गेलो, तर आबा निंबाला पाठ टेकून, माझ्याच शाळेतून आणलेलं वर्तमानपत्र डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचत होते. ओठ हलत होते. मला पाहून त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि बैलाखालचं शेण उचलायला लागले.

"आबा, तुम्हाला वाचता येतं."

"कोनी सांगं?"

"मी आत्ता पाहिलं."

"तू पाहं, तू पोटमा ठेव," ते म्हणाले. "गोठामा सांगू नको. पोरेसनं काम जाई."

मी ते पोटात ठेवलं. पण त्या माणसाला कळलेलं असून न कळल्यासारखं करता येतं, एवढं तरी मी त्या दुपारी शिकायला हवं होतं.

आता दोरीचं सांगतो.

होळी आली की डोंगरातलं माणूस घरी असायलाच पाहिजे. भोंगऱ्याचे बाजार, ढोल, नाच. पोरांना अडवून काही उपयोग नाही आणि आबांनी कधी अडवलंही नाही. पण पहिल्या वर्षी आबांनी सगळ्यांना तिथी सांगून धाडलं, अमक्या दिवशी परत या, आणि नऊ पोरांतली दोन आली. आबा दीड दिवस चढून वर गेले. तिथं एका पाड्यावर दित्या नावाच्या माणसाच्या अंगणात जाऊन बसले. दित्याच्या बापानं त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि मग विचारलं, तू दिवस सांगितलास, पण दिवस आमच्या हातात कुठं दिलास? मग त्यानंच दाखवलं. त्यांच्याकडं लग्नाचं बोलावणं धाडायचं तर दोरीला गाठी मारून देतात. रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की निघायचं. दोरी म्हणजे माणसाचा शब्द. ती हातात घेतली की शब्द मोडत नाहीत.

तेव्हापासून आबा होळीच्या आधी स्वतःच्या हातानं वळलेल्या चार दोऱ्या करायचे. तीन पाड्यांना तीन, आणि एक गोठ्यातल्या खुंटीला. प्रत्येकीला पंधरा गाठी. रोज सकाळी खुंटीवरची एक गाठ सोडताना ते उत्तरेकडं तोंड करून उभे राहायचे. त्याच वेळी वर तीन अंगणांत तीन माणसं तीच गाठ सोडत असणार. पंधराव्या दिवशी आबा खाट वाटेच्या तोंडाशी टाकून बसायचे, आणि पहाटेच निघालेली पोरं उतारानं धावत उन्हं कलायच्या आत खाली आलेली दिसायची. वर्षभरात आबांच्या तोंडावर जे काही हसू यायचं ते त्या एका दिवशी. पोरं मोजायचे नाहीत. एकेकाचं नाव घेऊन डोक्याला हात लावायचे.

माझ्या म्हसावदच्या तिसऱ्या वर्षी आबांच्या हाताला कंप सुटला. दोऱ्या त्यांनी कशाबशा वळल्या, पण गाठी मारता येईनात. त्या वर्षी दित्याचा मुलगा गिंब्या फायनलला बसणार होता. सातवीची ती परीक्षा पास झाली की मास्तरकी मिळायची. त्या तिन्ही पाड्यांत फायनलपर्यंत पोचलेलं ते पहिलं पोर. "एक मास्तर वर गया का मी सुटनू," असं आबा म्हणायचे.

"पंधरा गाठी मार, मास्तर," त्यांनी चारी दोऱ्या माझ्या हातात दिल्या. "मन्हा हात कापतस."

मी दोऱ्या घरी आणल्या. हात धुतले. पट्टी घेतली आणि सारख्या अंतरावर खुणा केल्या. मग एकेक गाठ अशी आवळली, अशी आवळली, की बोटांना वळ उठले. वरून पाण्याचा हात फिरवला, म्हणजे ताग आणखी घट्ट बसतो. साठ गाठी. एकीसारखी दुसरी. मी त्या दिव्यासमोर धरून बायकोला दाखवल्या.

तिनं एक गाठ बोटानं चाचपली. "इतली घट्ट कसाले? ज्याले सोडनी शे, त्याना हातना तरी इचार करा."

"हे शाळेचं काम आहे," मी म्हणालो. "लुगड्याचा पदर खोचणं नाही."

ती चुलीकडं वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं निघाली. आबा निंबाखाली बसून एकेकाला दशमी देत होते. दोऱ्या मीच पोरांच्या हातात दिल्या, चौथी खुंटीला अडकवली. आबांनी ती लांबून पाहिली, मान हलवली. "रोजनी गाठ बी औंदा तूच सोड, मास्तर," ते म्हणाले.

नवव्या दिवशी आबांना ताप भरला. खाट निंबाखाली टाकली, उत्तरेकडं तोंड करून. मी शाळेच्या आधी आणि नंतर जाऊन बसायचो. बायको पेज घेऊन यायची. आबांचा रोजचा एकच प्रश्न.

"कितवी गाठ शे?"

मी कॅलेंडर पाहून सांगायचो. खुंटीवरच्या दोरीला मी एकदाही हात लावला नव्हता. मला गाठी सोडून दिवस मोजायची गरज नव्हती. मी शिकलेला होतो.

"अकरावी, आबा."

"आते चार ऱ्हायन्यात."

तेराव्या दिवशी ते म्हणाले, "दोरी आन. आजनी गाठ मी सोडस."

मी दोरी आणून दिली. पंधराच्या पंधरा गाठी तशाच पाहून ते काही बोलले नाहीत. एक गाठ चिमटीत धरली. बोटं थरथरत होती. बराच वेळ त्यांनी ती इकडून तिकडून दाबून पाहिली, नखानं उकरली. मग हात छातीवर ठेवून थांबले.

"कोनी बांध्यात?"

"मीच, आबा," मी म्हणालो. माझ्या आवाजात काय होतं ते आठवलं की आजही मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. "दोन बैल लावून ओढली तरी सुटणार नाहीत."

"बाकीन्या बी अश्याच?"

"एकजात."

आबा माझ्याकडं पाहत राहिले. रागानं नाही. गोठ्यात पाटीवर चुकीचं अक्षर काढून पोरगं शाबासकीसाठी वर बघतं, तेव्हा ते जसे पाहायचे तसे.

"बरं करं, मास्तर," ते म्हणाले. दोरी त्यांनी उशीखाली सारली. थोड्या वेळानं म्हणाले, "खाट फिराव."

"कुठं फिरवू?"

"भितकडे."

उत्तरेचा वारा सोसत नसेल, असं मला वाटलं. मी खाट गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून फिरवली. वाट आता त्यांच्या पाठीमागं गेली.

पंधराव्या दिवशी मी दुपारपासून वेशीबाहेर जाऊन उभा राहिलो. उन्हं उतरली. वाटेवर गुरं आली, लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बाया आल्या. पोरं आली नाहीत. परत येऊन आबांना सांगितलं, "उद्या येतील."

"येतीन. घाई नको करू."

"मी वर जाऊन येतो. नाहीतर कुणाला तरी धाडतो."

"तू आठेच बठ."

सोळाव्या दिवशीही कुणी आलं नाही. माझा धीर सुटला. आबांच्या उशाशी उभा राहून मी बोललो, मोठ्यानं बोललो. इतकी वर्षं या माणसानं यांच्यासाठी खाल्ल्या घासाचा विचार केला नाही, आणि यांना दिलेल्या शब्दाची किंमत नाही. ढोल वाजला की यांना सगळ्याचा विसर. मी आणखीही काय काय बोललो.

आबांनी डोळे उघडले. चार दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवला.

"त्यासले बोलू नको. त्यास्नं काही चुकनं नही."

म्हाताऱ्याचं मन मोठं आहे, असं मनात म्हणालो.

संध्याकाळी निघताना मी मागं वळून पाहिलं. आबा भिंतीकडं तोंड करून कुशीवर झोपले होते. घोंगडीखाली त्यांचे हात हलत होते, सारखे हलत होते. कंप वाढलाय, असं मी बायकोला म्हणालो. ती तिथंच थोडा वेळ थांबून पाहत राहिली. जिवंत आबा मी पाहिले ते त्या संध्याकाळी शेवटचे. सकाळी गेलो तेव्हा संपलेलं होतं.

वेगळे झालेले मुलगे आले आणि त्यांनी सगळं रीतसर केलं. गोठ्यातल्या अठरा खुंट्या रिकाम्या होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी तिन्ही पाड्यांवरची माणसं उतरली. पोरंच नाही, आयाबाप, म्हातारे, सगळे. डोंगराच्या पायथ्याच्या बाजारात कुणीतरी त्यांना आबा गेल्याचं सांगितलं होतं. कुणी रडलं नाही. सगळे खळ्यात खाली बसले, जिथं खाट असायची ती जागा मधे मोकळी सोडून. मी दित्याकडं गेलो. माझ्या पोटात अजून राग होता.

"दित्या, पंधरा दिवसांची दोरी दिली होती."

दित्यानं कमरेच्या फडक्यातून दोरी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पंधरा गाठी जशाच्या तशा.

"तुम्ही घट्ट गाठ धाडी," तो बाजारच्या अहिराणीत म्हणाला. "म्हनून थांबनूत."

"सुटत नव्हती तर कापायची. दिवस काय तुम्हाला मोजता येत नाहीत?"

"दिवस येतस ना मोजता," दित्या शांतपणे म्हणाला. "पन घट्ट गाठ म्हनजे येवू नका. आबानंच ठराव शे. तापनी साथ उनी व्हती, तव्हय त्यासनी अशीच दोरी धाडी व्हती. घट्ट. आठे दुखनं शे, पोरे धाडू नका, नवी दोरी येवस तवलोंग थांबा. तव्हय गावमा कितला मरनात, आम्हना एक पोऱ्या गया नही." त्यानं माझ्या हातातल्या दोरीकडं पाहिलं. "आम्ही रोज वाट पाही नवी दोरीनी."

आबांची गाठ एरवी सुरगाठ असायची. एक टोक ओढलं की सुटणारी, पोराच्या झबल्याच्या बंदाला मारतात तशी. इतकी वर्षं तीच वर जात होती. घट्ट गाठ एकदाच गेली होती, आणि ती कशासाठी ते तिन्ही पाड्यांना पाठ होतं. त्यांनी अगदी बरोबर केलं होतं.

आणि आबांना तेराव्या दिवशी, दोरी हातात घेतल्याबरोबर, सगळं कळलं होतं. त्या दिवशी सकाळी एक माणूस वर धाडला असता, तर सोळाव्या दिवशी पोरं त्यांच्या खाटेशी उभी असती. तेवढं सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे मला सांगायचं, की मास्तर, तू काय करून बसलास. त्यांनी खाट भिंतीकडं फिरवून घेतली.

मी घरी आलो. कसा आलो ते आठवत नाही. बायकोनं आबांचं अंथरूण धुवायला आणलं होतं. ती मागच्या दारी घोंगडी झटकत होती. मी पायरीवर बसून तिला दित्याचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "त्यांना कळलं होतं. चार दिवस मी उशाशी बसून होतो. मला एका शब्दानं बोलले नाहीत."

बायकोनं उशीच्या खोळीत हात घातला आणि चौथी दोरी बाहेर काढली. माझ्या पुढ्यात धरली. चौदा गाठी माझ्या होत्या, दगडासारख्या. पहिलीच्या जागी मात्र तागाचे तंतू पिंजून निघाले होते, आणि त्यावर वाळलेलं रक्त होतं, नखातलं. माझी गाठ तिथं नव्हती. त्याच जागी एक वेडीवाकडी, सैल सुरगाठ मारलेली होती. गिरवायला काढून देतात तशी एकच.

बायकोनं तिचं टोक धरून अलगद ओढलं. ती सुटली. मग तिनं ती तशीच परत बांधली, दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

"एक गाठ सोडाले त्यासले तीन दिन लागनात. अन् तुम्ही सांगतस, त्या काहीच बोलनात नहीत."